ग्रीनलंडच्या हिमचादरीवरचा ड्रिलिंग कॅम्प: पाळी, पाणी, जेवण नेमकं कसं चालतं?

लेथवाला_चिंचवड

ईग्रिप या बर्फात खोल ड्रिलिंग करणाऱ्या मोहिमेबद्दल वाचतोय. ईशान्य ग्रीनलंड, ७५ अंश उत्तर, उंची साधारण २७०० मीटर. कोपनहेगन विद्यापीठाच्या पुढाकाराने २०१६ साली ड्रिल खाली सोडलं आणि जुलै २०२३ मध्ये सुमारे २६७० मीटरवर तळ लागला. म्हणजे सात वर्षं! आपल्याकडे सकाळी दारात आलेली बोअरची गाडी काळा पाषाण फोडत रात्रीपर्यंत तीनशे-चारशे फूट जाते. बर्फ त्यामानाने लोणी. मग एवढा वेळ जातो कशात?

विचारायचं कारण म्हणजे भाची बर्नला पीएच.डी. करतेय, बर्फाच्या कोअरवरच, म्हणजे ड्रिलने काढलेल्या बर्फाच्या अखंड दांड्यावर. पुढेमागे अशा एखाद्या कॅम्पवर दीड-दोन महिने जावं लागेल म्हणते. माझे प्रश्न ड्रिलचे आहेत. तिच्या आईचे जेवणाचे, पाण्याचे आणि "बाथरूमचं काय" याचे. दोन्हींची उत्तरं इथेच मिळाली तर फार बरं. आकडे आणि पद्धत सांगा, वर्णनं बरीच वाचली आहेत.

पोकळ_दांडा

बोअरच्या गाडीवरूनच सांगतो, फरक पटकन कळेल. बोअरवाल्याला भोक हवं असतं, दगडाची भुकटी झाली तरी त्याचं काही बिघडत नाही. इथे भोकाच्या मधोमध उभा राहणारा बर्फाचा दांडा हवा असतो, अख्खा आणि वरखालचा क्रम न बिघडता. शिवाय गाडीवर लोखंडी रॉडला रॉड जोडत खाली जातात. इथे रॉडच नाहीत. लांबलचक नळीसारखं ड्रिल एका केबलला टांगलेलं असतं, वीजही त्याच केबलमधून जाते, आणि दर फेरीला अख्खं ड्रिल वर आणावं लागतं. विहिरीतून पोहऱ्याने पाणी शेंदतात तसं.

२००० मीटरवरची एक फेरी धरा. सेकंदाला १ मीटर वेगाने खाली जायला ३३ मिनिटं. प्रत्यक्ष कापायला १० ते १५. वर यायला पुन्हा अर्धा तास. वर आल्यावर कोअर ढकलून काढायचा, चुरा काढायचा, कटर पुसून धार बघायची, सगळं परत जुळवायचं, त्यात वीसेक मिनिटं. पावणेदोन तासांत हाती तीन-साडेतीन मीटर, तेही सगळं सुरळीत झालं तर. आठ तासांच्या पाळीत चार फेऱ्या, फार तर पाच. त्यातलं कापण्याचं काम तासाभराचं, बाकी सगळी शेंदाशेंद. हंगाम मे ते ऑगस्ट. त्यातले सुरुवातीचे काही आठवडे गाडला गेलेला कॅम्प उघडण्यात आणि शेवटचे बंद करण्यात जातात. २०२० आणि २०२१ हे दोन हंगाम कोविडने खाल्ले. सात वर्षांचा हिशेब असा लागतो.

आता तुमच्या कामाचा भाग. भोकाचा व्यास १२९.६ मिमी, कोअरचा ९८ मिमी. मधल्या कड्याचा चुरा होतो. क्षेत्रफळ काढून बघा, कापलेल्या बर्फातला सुमारे ४३ टक्के भाग चुराच आहे. दर मीटरला साडेपाच लिटरहून जास्त घट्ट बर्फ, आणि चुरा झाल्यावर तो फुगतो. ड्रिलमधला पंप हा चुरा द्रवाबरोबर वर ओढून एका नळीत साठवतो. नळी भरली की फेरी संपली, खाली कितीही कापता येत असलं तरी. कटरच्या मागे लहान 'शू' असतात, एका गिरकीत कटर किती खोल बसेल ते त्यांच्यावर ठरतं. फार बारीक घेतलं तर चुरा पिठासारखा होतो, गाळणीची भोकं बुजतात, मोटरचा करंट चढतो. फार जाड घेतलं तर टॉर्क वाढतो आणि ड्रिलच्या वरच्या बाजूला भिंतीला टेकणाऱ्या पोलादी पट्ट्या घसरतात. मग कटरऐवजी अख्खं ड्रिलच भोकात गरगरतं आणि केबलला पीळ पडतो. ड्रिलरची नजर म्हणून तीन आकड्यांवर खिळलेली असते: खोली, केबलवरचा ताण, मोटरचा करंट.

कोअर तोडण्याची पद्धत बघण्यासारखी आहे. मोटर थांबवतात. विंच अगदी सावकाश वर ओढायला लागतं. ड्रिलच्या तोंडाशी आतून स्प्रिंगवर बसवलेले टोकदार दात असतात, त्यांना 'कोअर डॉग' म्हणतात. ते दांड्याच्या अंगात रुततात. स्क्रीनवर ताणाचा आकडा शेकडो किलोंनी चढत जातो आणि एकदम कोसळतो. दांडा तळापासून सुटला. आकडा कोसळलाच नाही, तर दात घासून गुळगुळीत झालेत किंवा मध्ये चुरा अडकलाय.

सर्वांत मोठी भीती ड्रिल अडकण्याची. भोकात राहिलेला चुरा ड्रिलभोवती दाबून बसला की ते ना वर येत ना खाली जात. मग ग्लायकॉल खाली सोडून आजूबाजूचा बर्फ विरघळवतात आणि ताण धरून वाट बघतात. कधी सुटतं, कधी नाही. १९९७ ला ग्रीनलंडमधल्याच नॉर्थग्रिप मोहिमेत ड्रिल अडकलं ते सुटलंच नाही. नवं भोक सुरू करावं लागलं आणि तळ लागायला २००३ उजाडलं. तळाजवळ आणखी एक त्रास असतो. जमिनीच्या उष्णतेने तिथला बर्फ वितळायच्या बेताला आलेला असतो, त्यामुळे चुरा कटरवर चिकटून पुन्हा गोठतो. तिथे फेऱ्या आखूड घेतात, प्रसंगी अर्ध्या मीटरच्यासुद्धा. काही मोहिमांत कटरपाशी थोडं अल्कोहोल-पाणी मिश्रण पोहोचवून हे गोठणं टाळलं आहे.

नारळीपौर्णिमा

मध्येच एक शंका. भोकात जो द्रव भरतात तो खोबऱ्यापासून बनतो असं वाचलं. आमच्याकडे रत्नागिरीला खोबरेल कधी गोठत नाही, पण पुण्याला डिसेंबरात बाटली उन्हात ठेवावी लागते. मग उणे तीसला ते कसं चालतं? आणि द्रव भरायचाच कशाला?

पोकळ_दांडा

दुसऱ्या प्रश्नाचं आधी. बर्फ घट्ट दिसला तरी दाबाखाली तो वाहतो. खोल भोक कोरडं ठेवलं तर आजूबाजूचा बर्फ ते मिटवून टाकतो. म्हणून बर्फाइतक्याच घनतेचा द्रव भरून आतून तोलून धरायचं. हिशेब करा: १२९.६ मिमीचं भोक म्हणजे मीटरला १३.२ लिटर, २६७० मीटरला ३५,००० लिटरच्या आसपास. हा सगळा द्रव विमानाने येतो. त्यामुळे वर आलेला चुरा सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून त्यातला द्रव परत मिळवतात, टाकून देत नाहीत. वरचा सत्तरेक मीटरचा थर दाबून घट्ट झालेल्या हिमाचा, पण सच्छिद्र असतो. तिथे द्रव झिरपून जाईल म्हणून केसिंग पाइप बसवतात. बोअरला वरच्या मातीत घालतो तसंच.

आता खोबरेल. ते २४ अंशांच्या आसपास गोठतं, कारण त्यात एका ग्लिसरीनला तीन स्निग्धाम्लं जोडलेली असतात. भोकात भरायचा द्रव म्हणजे एस्टिसॉल-२४०, त्यात स्निग्धाम्लं नारळाचीच, पण सुटी करून लहान अल्कोहोलला बांधलेली. रेणू लहान झाला, गोठणबिंदू खूप खाली गेला. ईग्रिपला त्यात कोआसोल नावाचा दुसरा द्रव मिसळून घनता जुळवली होती. गोठत नाही, पण दाट होतो, आणि वेळ खातो तो इथे. ड्रिल आणि भिंत यांच्यात मोजके मिलिमीटर जागा. ड्रिल खाली जाताना तेवढ्या फटीतून द्रवाला वर सरकावं लागतं. खाली ढकलणारं असं काहीच नसतं, ड्रिल स्वतःच्या वजनाने जाईल तेवढाच वेग. घाई करून केबल जास्त सोडली तर ती ढिली पडते आणि गुंतते.

आणि हो, तो अंगावर उडतो. कपड्यांत मुरला की ऊब जाते आणि वास महिनाभर हटत नाही. ट्रेंचमधले, म्हणजे ड्रिलिंगच्या बोगद्यातले, कपडे जेवणाच्या खोलीत आणू देत नाहीत ते यामुळेच.

हिमस्तर

भाचीचं काम बहुधा ड्रिलशेजारच्या सायन्स ट्रेंचमध्ये असेल, त्याबद्दल लिहितो.

ट्रेंच म्हणजे हिमाखालचा बोगदा. आधी हिम उडवणाऱ्या यंत्राने लांब खंदक खणतात. त्यात सॉसेजच्या आकाराचा प्रचंड फुगा टाकून फुगवतात, ४० मीटर लांब आणि ५ मीटर व्यासापर्यंतचे फुगे असतात. वरून यंत्रानेच हिम उडवून फुगा झाकतात. यंत्रातून गेलेल्या हिमाचे कण बारीक होतात आणि दोन-तीन दिवसांत एकमेकांना घट्ट धरतात. मग फुग्यातली हवा सोडून तो ओढून काढायचा. कमानीचं छप्पर आपलं आपण उभं राहतं, एक खांब नाही की तुळई नाही. वरचं हिम दरवर्षी वाढतं, कमान हळूहळू खाली बसते, तेव्हा चेनसॉने छत तासावं लागतं.

कोअर ड्रिलमधून ट्रेवर येतो तेव्हा पहिलं काम त्याचं टोक आधीच्या तुकड्याच्या टोकाशी जुळवणं. फुटलेल्या बशीचे तुकडे जुळवतो तसं, खाचेत खाच बसली पाहिजे. जुळलं की अंगावर सरळ रेघ आणि वरच्या दिशेचा बाण. मग पट्टीने लांबी मोजून ५५ सेंटिमीटरचे तुकडे. त्यांना 'बॅग' म्हणतात, आणि सगळी नोंद बॅगेच्या क्रमांकाने होते. ५५ गुणिले क्रमांक म्हणजे त्या बॅगेच्या तळाची खोली. एक बाण उलटा पडला तर पुढच्या सगळ्या प्रयोगशाळांत काही वर्षांचा क्रम उलटा जाईल, आणि ते कुणाच्या लक्षातही येणार नाही. म्हणून कितीही दमलेले असा, बाण दोघांनी बघायचा. भाचीला एकच गोष्ट सांगायची असेल तर ही सांगा.

त्यानंतर विद्युतगुणधर्मांचं मोजमाप, मग आडवी बँडसॉ. प्रत्येक बॅगेचे लांबीत काप पडतात: एक वायूंसाठी, एक पाण्याच्या समस्थानिकांसाठी, एक रसायनांसाठी, एक स्फटिकांच्या रचनेसाठी. एक भाग हात न लावता राखून ठेवायचा. कापाचा पृष्ठभाग रंधून चकचकीत करून लाइन स्कॅनरखाली धरला की धुळीचे थर पांढुरक्या पट्ट्यांसारखे दिसतात. हिमयुगातल्या बर्फात त्या फार ठळक.

बिघडतं काय? साधारण ६०० ते १२००-१३०० मीटरच्या टप्प्यातला बर्फ ठिसूळ असतो. त्यातल्या हवेच्या बुडबुड्यांत प्रचंड दाब कोंडलेला असतो, आणि वर आल्यावर बाहेरचा दाब गेला की दांडा तडतडतो, कधी चकत्या होऊन फुटतो. असा कोअर ट्रेवर जाळीत गुंडाळून तसाच ठेवतात, पुढच्या हंगामापर्यंत कापत नाहीत. त्याखाली हवा बर्फाच्या स्फटिकांतच सामावते, बुडबुडे नाहीसे होतात आणि कोअर काचेसारखा नितळ मिळतो.

ट्रेंचचं तापमान उणे वीसच्या आसपास राहतं आणि ते हवंच असतं. बाहेर जुलैत शून्याजवळ गेलं की आतल्यांची काळजी वाढते, थंडी कमी पडली म्हणून!

एक गोष्ट राहिली. ईग्रिप ज्या बर्फाच्या प्रवाहावर आहे तो वर्षाला ५५ मीटर सरकतो, दिवसाला १५ सेंटिमीटर. भोक वाकडं होत नाही का, असं बरेच जण विचारतात. तिथला बर्फ जवळजवळ अख्ख्या ठोकळ्यासारखा तळावरून घसरतो, त्यामुळे भोक, कॅम्प, धावपट्टी सगळं एकत्रच पुढे जातं. अशा प्रवाहात ड्रिल करण्याचा हेतूच हा प्रवाह आतून कसा वाहतो ते समजून घेण्याचा होता.

उत्तरवारा

आता ताईंच्या प्रश्नांना.

पोहोचणं: पश्चिम ग्रीनलंडमधल्या कांगरलुसुआकहून, स्की बसवलेल्या हर्क्युलिस विमानाने. अमेरिकेच्या न्यूयॉर्क एअर नॅशनल गार्डची ही विमानं. कॅम्पवर उतरल्यावर इंजिन बंद करत नाहीत. पंखे फिरत असताना उतरायचं, दाखवतील त्याच बाजूने चालायचं, टोपी हातात धरायची. हवामान बिघडलं की दोन दिवस, चार दिवस खोळंबा, परतीलाही. परतीच्या पुढच्या तिकिटात आठवडाभर मोकळा ठेवा. उन्हाळ्यात हिम चिकट झालं की विमान घसरत वेगच घेत नाही, मग रात्रीच्या थंड वेळेला उड्डाण करतात. "रात्र" म्हणजे घड्याळातली. एप्रिलच्या अखेरीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत सूर्य मावळतच नाही, त्यामुळे झोपताना डोळ्यांवर पट्टी लागतेच.

उंची: २७०० मीटर, पण ध्रुवाकडे हवेचा दाब कमी असल्याने शरीराला त्याहून जास्त वाटते. लेहइतकी नाही, तरी पहिले दोन दिवस डोकं दुखतं, झोप तुटते. या दिवसांत फावडं हातात घ्यायचं नाही, दिवसाला तीन-चार लिटर पाणी प्यायचं. हवा इतकी कोरडी असते की तहान लागण्याआधीच शरीर सुकतं.

पाणी: वाऱ्याच्या वरच्या बाजूला एक पट्टा फक्त पिण्याच्या पाण्यासाठी राखलेला. तिथे गाडी नाही, कुणी चालतही नाही. तिथलं हिम फावड्याने मेल्टरमध्ये टाकायचं. एक लिटर पाण्याला साधारण तीन लिटर हिम. आंघोळ आठवड्याला एक-दोनदा, तीही आटोपशीर, आणि त्याचं गणित ताईंना सांगा: उणे २५ चं हिम वितळवून ४० अंशांपर्यंत तापवायला लिटरला सुमारे ०.१५ युनिट. तीस लिटरची बादलीभर आंघोळ म्हणजे साडेचार युनिट, जनरेटरचं दीड लिटर डिझेल. जनरेटरची वाया जाणारी उष्णता वापरून बरंच वाचवता येतं, पण हिम टाकायचे कष्ट वाचत नाहीत.

संडास: हिमात खोल खड्डा, वर खोपटं. आत थर्मोकोलसारखं बसायचं कडं असतं, ते थंड लागत नाही. लघवीची जागा वेगळी, झेंडा लावून ठरवलेली. इतरत्र कुठेही नाही, कारण आजूबाजूचं हिम म्हणजे नमुना आणि पाणी दोन्ही. मुलींनी रात्रीसाठी रुंद तोंडाची, घट्ट झाकणाची बाटली आणि फनेल जवळ ठेवावं, बाहेर जाण्यात दहा मिनिटं कपडे चढवण्यातच जातात. पाळीच्या वस्तू पूर्ण मुक्कामाला पुरतील एवढ्या आणि एका महिन्याच्या जादा.

राहणं: मुख्य इमारत म्हणजे स्कीवर बसवलेला काळा घुमट. आधीच्या नीम कॅम्पवरून २०१५ साली ४५० किलोमीटर ओढत आणला. स्वयंपाक, जेवण, रेडिओ, बैठक सगळं त्यात. झोपायला बहुतेकांना कमानीचे तंबू.

तुमच्या मनात थंडीची धास्ती असेल. खरं तर थंडीला कपडे आहेत, वाऱ्याने उडणारं हिम जास्त छळतं. वर्षाचं हिम फार पडत नाही, पण कुठलीही उभी वस्तू दिसली की तिच्या आडोशाला ढीग साचतो. बाहेर ठेवलेली पेटी एका वादळात गायब. म्हणून प्रत्येक पेटीपाशी बांबू रोवतात, सगळा माल वाऱ्याच्या दिशेला काटकोनात एका रांगेत ठेवतात आणि वादळ ओसरलं की ड्रिलर असो की प्राध्यापक, सगळे फावडी घेतात. पहिली फावडी दारं आणि हवेची भोकं मोकळी करायला. तंबूतल्या डिझेल शेगडीची नळी हिमाने बुजली तर कार्बन मोनॉक्साइड आत साचतो, वास येत नाही, माणूस झोपेतच जातो. अलार्मची बॅटरी दर आठवड्याला तपासायची.

आग ही दुसरी काळजी. पाणी नाही, हवा कोरडी. पावडरचे सिलिंडर दाराशी, आणि मुख्य इमारतीपासून लांब एका तंबूत सगळ्यांना पुरतील एवढे कपडे, झोपायच्या पिशव्या, अन्न आणि रेडिओ कायम भरून ठेवतात. पांढरा अंधार झाला, म्हणजे आकाश आणि जमीन एकच, तर तंबू ते घुमट झेंड्यांच्या रांगेला धरून चालायचं. पुढचा झेंडा दिसत नसेल तर मागच्यापाशी थांबून रेडिओवर बोलायचं.

रविवारी बहुतेक सुट्टी. शनिवारच्या जेवणाला टाय किंवा चांगला पोशाख ही ग्रीनलंडच्या कॅम्पांवरची जुनी रीत आहे. एखादी साडी किंवा कुर्ता जरूर न्यावा, वजन किती ते!

लेथवाला_चिंचवड

तिघांचेही मनापासून आभार. बहिणीला पाठवलं, तिचे लगेच दोन प्रश्न आले. उणे वीसमध्ये आठ तास उभं राहायचं तर पायांचं काय? आणि पोरगी शाकाहारी आहे, वरण-भात होतो का तिथे?

हिमस्तर

पायांसाठी बूट एक माप मोठे, आत दोन सुकतळे, मोजे दोनच. तिसरा घातला की रक्त अडतं आणि बोटं उलट जास्त गारठतात. ट्रेंचमध्ये उभं राहायच्या जागी लाकडी फळी किंवा जाड फोम, थेट हिमावर नाही. रोज रात्री सुकतळे काढून शेगडीवर वाळवायचे, घामाने ओले राहिले तर सकाळी दगड होतात. हातांना आत पातळ लोकरीचे, वर नायट्राइल, त्यावर अस्तराचे रबरी, म्हणजे द्रव आत मुरत नाही. दर दीड-दोन तासांनी गरम खोलीत पंधरा मिनिटं, हे कामाच्या वेळेतच धरलेलं असतं. सुती बनियन अजिबात नको. बाहेर चौथ्या श्रेणीचा गॉगल, बाजूने बंद असलेला. सनस्क्रीन नाकाच्या खालच्या बाजूलाही लावायचं, तिथे हिमावरून परावर्तित झालेलं ऊन लागतं.

उत्तरवारा

शाकाहार आधी कळवला तर अडचण येत नाही, कॅम्पला पूर्ण वेळ स्वयंपाकी असतो. ताज्या भाज्या विमानाबरोबर येतात. त्या गोठू नयेत म्हणून जपाव्या लागतात, एकदा गोठलेला बटाटा पुन्हा नरम झाला की काळा आणि पाणचट. कॅम्पवरचा फ्रीज म्हणजे त्या अर्थाने ऊबदार कपाट.

वरणासाठी कुकर हवाच. त्या उंचीला पाणी साधारण ९१ अंशांना उकळतं, तूरडाळ उघड्या पातेल्यात दोन तास ठेवली तरी कणी राहते. कुकर बाहेरच्या दाबावर दाब चढवतो, त्यामुळे आतलं तापमानही घरच्यापेक्षा पाच-सहा अंश कमीच. डाळ चार तास भिजवायची आणि शिट्ट्या दीडपट धरायच्या. तीन लिटरचा कुकर न्यायचा असेल तर स्वयंपाक्याला आधी विचारा, शेगडी विजेची असेल तर सपाट बुडाचा लागतो. रिंग दोन जादा द्या आणि त्या सामानाच्या पेटीत नकोत, अंगावरच्या बॅगेत ठेवायला सांगा. बाहेर राहिलेलं रबर कडक होतं, आणि गारठलेली रिंग ताणून बसवायला गेलं की चिरते.